त्याच डिसेंबरातला काळोख

पत्राचा गोषवारा

या वेळचं पत्र कोथरूडहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई सत्तेचाळीस वर्षांच्या, सहकारी बँकेत नोकरी करतात. घरी नवरा, अकरावीतला मुलगा आणि सैन्यातून निवृत्त झालेले सासरे. सासरे १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर होते, पण त्याबद्दल घरात कधी बोलत नाहीत. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅचचा स्कोअर यावा तसे मेसेज येत होते. बाईंनीही त्यातले चार-पाच पुढे पाठवले. नंतर एका रात्री मोबाइलवर पांढऱ्या कापडातलं लहानसं गाठोडं छातीशी धरून, किंचित लंगडत चाललेला एक बाप दिसला. तो कुठल्या देशातला, हेही त्यांनी पाहिलं नाही. अंगठा सरकला आणि पुढच्या क्षणी त्या कैरीच्या डाळीची कृती बघत होत्या. ‘मी दगड झालेय का?’ हा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही. मैत्रिणीने बोस्नियातल्या सारायेव्हो शहरातल्या एका शाळकरी मुलीची युद्धकाळातली डायरी वाचायला दिली. तीन रात्रींत ती संपली, खूप रडू आलं, आणि सकाळी नेहमीसारखा डबा भरून त्या बँकेत गेल्या. आता त्यांना ते रडणंही खोटं वाटतं. नवरा म्हणतो, ‘परक्यांचा एवढा पुळका? आपल्या जवानांसाठी कधी रडलीस?’ अशी पुस्तकं वाचून खरंच काही होतं का, सासऱ्यांसमोर ती वाचणं बरं दिसतं का आणि मुलाच्या हातात द्यावीत का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

तुमचं पत्र दोन दिवस माझ्या टेबलावर होतं. घाईने उत्तर द्यावं असं ते नव्हतं.

आधी त्या अंगठ्याबद्दल. तो प्रसंग घडून बरेच दिवस झाले, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. तरी कापडाचा रंग, गाठोडं धरण्याची त्या बापाची पद्धत, त्याचं लंगडणं, हे सगळं तुम्ही लिहिलंय. मनापर्यंत पोचलंच नाही ते माणसाला इतकं बारकाईने आठवत नाही. ते दृश्य पोचलं होतं. त्याला तिथे थांबायला जागा मिळाली नाही, कारण त्याच्या पाठोपाठ कैरीची डाळ उभीच होती. त्या पडद्याची रचनाच अशी आहे की कुणीच कुणापाशी थांबू नये. तिथे थांबता आलं नाही म्हणून स्वतःला दगड म्हणू नका.

आणखी एक गोष्ट आहे. माणसाचं मन एकेका माणसासाठी हलतं, आकड्यांसमोर ते गप्प होतं. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. काही लोकांना आफ्रिकेतल्या माली देशातल्या सात वर्षांच्या एका भुकेल्या मुलीबद्दल सांगून मदत मागितली. काहींना फक्त लाखो उपाशी लोकांची आकडेवारी दिली. तिसऱ्या गटाला मुलीची गोष्टही सांगितली आणि आकडेही दिले. सर्वांत जास्त पैसे पहिल्या गटाने दिले. तिसऱ्या गटाचा हात बराच आखडला. मुलगी तीच, गरज तीच, शेजारी आकडे येऊन बसले एवढाच फरक. बातम्यांत आपल्याला रोज आकडेच मिळतात. ते ऐकून काही वाटेनासं होणं हा तुमच्या एकटीच्या स्वभावाचा दोष नाही. मात्र त्यावर उपाय आहे, आणि तो नेमका तुमच्या मैत्रिणीने तुमच्या हातात ठेवला. तिला माझा नमस्कार सांगा.

आता थोडं माझं सांगते.

१९७१ च्या डिसेंबरात मी सात वर्षांची होते. तेव्हा आम्ही मुंबईला, गिरगावातल्या चाळीत राहत होतो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले. भोंगा वाजला की दिवे बंद. मोठी माणसं दबक्या आवाजात बोलायची आणि आम्हा मुलांना त्या काळोखात धमाल यायची. सगळी बिऱ्हाडं गॅलरीत जमायची, कुणीतरी भुताच्या गोष्टी सांगायचं. युद्ध संपलं आणि पुन्हा दिवे लागले तेव्हा मी हिरमुसले होते. ही आठवण मी चाळीस वर्षं कौतुकाने सांगत आले.

मग जहानारा इमाम यांची १९७१ सालची रोजनिशी वाचनात आली. मूळ पुस्तक बांगलात, १९८६ मध्ये प्रसिद्ध झालं. इंग्रजी अनुवाद मिळतो. ढाक्यातलं शिकलेलं, खाऊनपिऊन सुखी घर. थोरला मुलगा रूमी हुशार, त्याला अमेरिकेत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला. आपल्या एरंडवण्यात किंवा बाणेरला अशी किती घरं सापडतील सांगा! २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्य शहरावर तुटून पडतं. मुलगा बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीत जाण्याची परवानगी मागतो, आणि आई ती देते. ऑगस्ट सरता सरता सैन्य त्याला घरातून उचलून नेतं. तो परत येत नाही. डिसेंबरात नवऱ्याला हृदयविकाराचा झटका येतो. इस्पितळात ब्लॅकआउटसाठी वीज बंद केलेली असते, म्हणून हृदय पुन्हा सुरू करणारं यंत्र चालवता येत नाही. ते जातात. त्यानंतर दोन-तीन दिवसांत ढाका स्वतंत्र होतं.

ते पान वाचून मी पुस्तक मिटलं. त्या रात्री गिरगावातही दिवे बंद असणार. मी कदाचित गॅलरीत भुताची गोष्ट ऐकत बसले असेन.

मला रडू आलं नाही. मी उठले आणि घरातले सगळे दिवे लावले. का, ते आजही नीट सांगता येत नाही. गिरगावची आठवण त्याने खोटी ठरली नाही. मजा आली होती हे खरंच आहे. पण आता ती सांगताना ढाक्यातलं ते इस्पितळ सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. वाचून काय होतं असं तुम्ही विचारलंत ना? माझ्या बाबतीत एवढं झालं. स्वतःच्या आठवणीत दुसऱ्या कुणासाठी जागा झाली.

म्हणून तुमच्या रडण्याची परीक्षा घेऊ नका. ते खरं होतं की खोटं, हे ठरवून कुणाचंच काही भलं होणार नाही. रडू झोप कमी झाली म्हणूनही येतं आणि खूप आतलं काही हललं तरी येत नाही. सकाळी तुम्ही डबा भरलात याबद्दल तर अपराधी वाटायचं काहीच कारण नाही. ती डायरी पुन्हा उघडा. या वेळी त्या मुलीच्या मैत्रिणीच्या मृत्यूचं पान सोडून बाकीची पानं वाचा. पाणी कुठून आणलं, वीज केव्हा आली, आल्या आल्या घरच्यांनी आधी कुठलं काम उरकलं, शाळा बंद असताना दिवस कसा ढकलला, तेवढंच बघा. सारायेव्होला १९९२ च्या एप्रिलपासून १९९६ च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत वेढा होता. त्या काळात लोक कॅन घेऊन बिअरच्या कारखान्याच्या नळांवर पाण्याच्या रांगेत उभे राहत. रांगेवरही गोळे पडत, तरी पाणी लागतंच म्हणून लोक पुन्हा तिथेच जात. सरपणासाठी शहरातल्या बागांमधली झाडं तोडली गेली. संकटातसुद्धा त्या घरांमध्ये कुणीतरी डबाच भरत होतं, ताई. तुमच्या सकाळीशी त्या सकाळचं नातं तिथेच आहे.

मरणाची पानं आपल्याला हलवतात आणि सोडून देतात. रोजच्या कामांची पानं अंगाला चिकटून राहतात. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राड शहराला ८७२ दिवस वेढा पडला होता. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिथल्या मुलांना आणि कारखान्यात काम न करणाऱ्या मोठ्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्या पिठातही लाकडाच्या भुशासारखी भर घातलेली असे. हा आकडा मी कितीदा वाचला होता, कळला मात्र नव्हता. एकदा बेकरीतून लादी आणली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिली. मिसळीबरोबर मिळतात तसे जेमतेम तीन पाव. दिवसभरासाठी, उणे तीस अंशांच्या आसपास उतरणाऱ्या थंडीत. तुम्हीही एकदा तोलून बघा. खायचं सोडू नका, उपासही करू नका, फक्त तोलून बघा.

तुमच्या यजमानांच्या प्रश्नाकडे येते. तो प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही. मला येणाऱ्या पत्रांमध्ये निराळ्या शब्दांत तो बरेचदा असतो. त्यामागे असं गृहीत धरलेलं असतं की माया म्हणजे महिन्याचं रेशन, परक्याला दिलं की घरच्याला कमी पडणार. अनुभव उलटा सांगतो. आणि मला त्यांना एक प्रतिप्रश्न विचारायचा आहे. त्या मे महिन्यात पूंछमध्ये तोफगोळ्यांखाली आपलीच साधी माणसं गेली. घरं सोडून लोक पळाले. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्याबद्दल किती मेसेज आले होते? माझ्या ग्रुपवर एक आला, तोही तिसऱ्या दिवशी. लढाईची मॅच झाली की परक्यांच्या आधी आपलीच सीमेवरची माणसं नजरेआड होतात, कारण त्यांचं दुःख कुणाच्याच स्कोअरमध्ये धरलेलं नसतं. म्हणून वाचायला सुरुवात करायचीच तर उरी, पूंछ, कारगिल इथल्या गावकऱ्यांच्या मुलाखतींपासून करा. यजमानांनाही वाचायला द्या.

मग पुढचं पाऊल, आणि ते अवघड आहे. समोरच्या बाजूच्या सामान्य माणसाचं वाचायचं का? वाचायचं, असं माझं मत आहे. १९४५ च्या वसंतात बर्लिन पडलं तेव्हा तिथल्या एका बाईने दोन महिने डायरी लिहिली. उपासमार, तळघरं, सोव्हिएत सैनिकांकडून झालेले बलात्कार, सगळं कोरड्या, स्पष्ट शब्दांत. जर्मनीत ते पुस्तक १९५९ साली आलं तेव्हा तिच्याच लोकांनी तिला धारेवर धरलं. आपण हयात असेपर्यंत ते तिथे पुन्हा छापू नये, असं मग तिने ठरवलं. ती नाझी जर्मनीची नागरिक होती. तिच्या देशाने लाखो ज्यूंना गॅस चेंबरमध्ये मारलं. तिचं दुःख वाचल्यामुळे त्या गुन्ह्याचं वजन तिळभर कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता येतात, आणि ते धरायला जमणं यालाच मी सहृदयता म्हणते. कोण चूक, कोण बरोबर याबद्दल तुमचं ठाम मत असू द्या. माझंही असतं. ते मत आणि विहिरीवर पाणी भरायला गेलेली बाई, यांत गल्लत करू नका, इतकंच.

परकं म्हणजे किती परकं, तेही सांगते. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बहुतांश बायका-मुलं. सोव्हिएत रशियाने त्यांना घरातून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं, तिथून सुटून ती इराणमार्गे इथे आली. पंचगंगेच्या काठी पोलंडमधली मुलं शाळेत जात होती! आणि पिंपरी कॅम्प, जिथून आपण कापडचोपड आणतो, तो फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा. युद्धाने उखडलेली माणसं आपल्या जिल्ह्यात, आपल्या दुकानांत आहेत. आपण त्यांना कधी विचारलं नाही.

मराठीतही असं लेखन आहे, आणि मला ते फार जवळचं वाटतं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फिटावं म्हणून दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या धुमाळीत सापडले. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते शहरातच होते. ‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झालं. आपण ते राणी लक्ष्मीबाईंसाठी वाचतो. एकदा भटजींसाठी वाचून बघा. हा माणूस लढवय्या नाही. त्याला जीव वाचवायचा आहे, गाठीचे पैसे वाचवायचे आहेत आणि आईवडिलांना घालायच्या आंघोळीसाठी गंगेची कावड घरी न्यायची आहे. लुटारूंनी आधी सोनं-नाणं, मग भांडी, मग कपडे, मग धान्य असं पाळीपाळीने शहर कसं धुऊन नेलं, ते तो सांगतो. हे वाचल्यावर सारायेव्हो लांब वाटत नाही.

वाचताना एक सावधपणाही हवा. ज्यांच्याजवळ कागद होता, अक्षरओळख होती आणि जे जगले, त्यांचंच बहुतेक वेळा आपल्याला वाचायला मिळतं. लेनिनग्राडच्या तान्या साविचेवा या मुलीने छोट्या वहीची नऊ पानं लिहिली. घरातलं कोण कुठल्या दिवशी, किती वाजता गेलं, एवढंच. शेवटी आपण एकटीच उरलो, असं. तीही १९४४ मध्ये गेली. तिच्यासारख्या कितीजणांनी तेवढंही लिहिलं नसेल. शिवाय आठवणी वर्षांनी लिहिल्या की बदलतात, संपादक कात्री लावतात, सरकारं काही पुस्तकं पुढे करतात आणि काही दाबतात. म्हणून लिहिणारा कोण, कधी लिहिलं, छापलं कुणी, हे पहिल्या पानावर बघायची सवय लावून घ्या. आणि मोबाइलवर येणारे ‘प्रत्यक्षदर्शीचे अनुभव’ नाव-गाव-तारीख नसेल तर पुढे पाठवू नका. मे महिन्यात पाठवलेल्या त्या चार-पाच मेसेजेसचं तुम्हाला वाईट वाटतंय, ते योग्यच आहे. तेवढी सुधारणा पुरे, स्वतःला शिक्षा नको.

एका महिन्याला एकच पुस्तक घ्या. झोपताना वाचू नका, दुपारी किंवा सकाळच्या चहाबरोबर वाचा. शेजारी नकाशा ठेवा, मोबाइलवरचा चालेल. वेढा, टेकडी, नदी, पूल डोळ्यांसमोर आले की वाक्यं वेगळी वाचली जातात. सलग वाचवत नसेल तर स्वेतलाना अलेक्सिएविच यांची पुस्तकं बघा. त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. दुसऱ्या महायुद्धात लहान असलेल्या बेलारूसच्या माणसांच्या आठवणी त्यांनी जमवल्या आहेत, एकेक आठवण दोन-तीन पानांची. दिवसाला एक वाचली तरी खूप. वाचून रात्री दचकून जाग येऊ लागली, कामात लक्ष लागेना, तर पुस्तक सरळ बाजूला ठेवा आणि हे थांबलं नाही तर समुपदेशकाला भेटा. सहन करून दाखवायची ही स्पर्धा नाही.

मुलाबद्दल. त्याच्या हातात पुस्तक ‘देऊ’ नका. सोळाव्या वर्षी आईने सुधारण्यासाठी दिलेलं पुस्तक कुणी वाचत नाही. तुम्ही वाचता वाचता एखादा परिच्छेद जेवताना मोठ्याने वाचून दाखवा आणि तिथेच सोडा. त्या पावाच्या प्रयोगात काटा त्याला धरू द्या. २०२२ मध्ये युक्रेनहून परतलेली वैद्यकीय शाखेची मुलं पुण्यातही आहेत. ओळखीत कुणी असेल तर त्याला घरी जेवायला बोलवा. खारकीवमध्ये तळघरात काढलेले दिवस वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकले की तुमचा चिरंजीव मोबाइल आपणहून खाली ठेवेल असं मला वाटतं. सुदान, येमेन, अफगाणिस्तानची मुलंही आपल्या कॉलेजांमध्ये शिकतात. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध पेटलंय आणि ती मुलं इथे परीक्षा देताहेत. त्यांना मात्र ‘तिकडे काय पाहिलंस?’ असं विचारू नका. ते त्यांनी सांगायचं तेव्हा सांगतील. जेवायला बोलवायचं, घरी कोण कोण असतं विचारायचं, आणि भाकरी आवडते का ते बघायचं. पैसे द्यावेसे वाटले तर युनिसेफ किंवा आंतरराष्ट्रीय रेड क्रॉससारख्या जुन्या संस्था आहेत. झेपेल तेवढंच द्या, पण दर महिन्याला द्या.

सोसायटीच्या ग्रुपवर भांडू नका. पुढच्या वेळी, आणि ती वेळ न येवो, पण आलीच तर, सीमेवरच्या एखाद्या गावातल्या माणसाची बातमी शांतपणे टाका, नावासकट. त्यावर कुणी काही बोललं नाही तरी चालेल. एक-दोघंजण ती वाचतात, उत्तर देत नाहीत, एवढंच.

राहता राहिले तुमचे सासरे. त्यांच्यासमोर ही पुस्तकं वाचणं बरं दिसतं का, असं विचारताना तुम्ही धरून चालला आहात की सैनिकाला सामान्य माणसाचं दुःख वाचलेलं आवडणार नाही. मला तसं वाटत नाही. १९७१ साली जवळजवळ एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. पूर्व आघाडीवरच्या जवानाने ती रस्त्याच्या कडेने चालताना पाहिली असणार. तुम्ही ज्या गोष्टी पुस्तकात शोधताय त्यातल्या काही आतल्या खोलीत, टीव्हीसमोरच्या आरामखुर्चीत पन्नासहून अधिक वर्षं गप्प बसून आहेत. कुणी विचारलं असेल तर ‘किती शत्रू मारले’ हेच विचारलं असेल, आणि त्याचं उत्तर त्यांना द्यायचं नसेल.

जहानारा इमाम यांचं पुस्तक आणा आणि दिवाणखान्यात त्यांना दिसेल असं ठेवा. त्यांनी उचललं तर उचलू द्या. एखाद्या संध्याकाळी, घरात दोघंच असताना, लढाईबद्दल काही न विचारता एवढंच विचारा, की बाबा, रस्त्याने येणाऱ्या त्या लोकांच्या डोक्यावर काय सामान असायचं? ते काही बोलले नाहीत तर उठून चहा ठेवा. आणि बोलायला लागले तर चहा उतू गेला तरी चालेल, मधेच उठू नका.